लोखंड कापावे कशाने?



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास आणि देशाचे अर्थकारण यांवर व्याख्याने व्हावयाची, त्यावरून लोखंड कापण्याच्या करवतींविषयी कोणी तासभर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्याच्या खिडकीला गज नाहीत, जिन्याला कठडा नाही आणि अंगणाला फाटक नाही, असा गृहस्थ या मंडपात शोधूनही सापडणार नाही. हे सारे काम आपल्याच गावातील कोणा कारागिराने पोलादाचे तयार अँगल, पट्ट्या, सळया आणि पाइप आणून, ते मापाने कापून आणि वेल्डिंगने जोडून केलेले असते. या धंद्याला फॅब्रिकेशन म्हणतात. त्यातले जोडणे सर्वांच्या डोळ्यांत भरते, कारण त्याचा लखलखाट रस्त्यापर्यंत येतो. कापणे मात्र कोणी पाहत नाही. वस्तुतः जोडकाम बिघडते ते पुष्कळदा आधीच्या कापकामात.

साधे उदाहरण घ्या. दाराची चौकट करावयाची म्हणून ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची टोके ४५ अंशांत कापली. एका टोकाच्या कापात एका अंशाची चूक झाली, तर दोन टोके एकमेकांना भिडवल्यावर एका कडेला जवळजवळ १ मिलिमीटरची फट राहते. पाइपचा पत्रा असतो दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा. वेल्डर ती फट धातू ओतून बुजवतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो आणि चौकटीला आपल्याकडे ओढून घेतो. चारही कोपऱ्यांत असे झाले की चौकट गुण्यात राहत नाही. मग ती भिंतीत ठोकून बसवली जाते, वर रंग चढतो, आणि दार पहिल्या दिवसापासून घासू लागते. गिऱ्हाईक वेल्डरला बोल लावते. खरा दोष करवतीचा असतो.

लोखंड कापण्याच्या रीती पुष्कळ दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी तीनच क्रिया आहेत. दात्याने कुरतडणे, कणाने घासणे, आणि उष्णतेने जाळणे किंवा वितळवणे. कात्रीने कातरणे ही चौथी रीत आहे खरी, पण ती मुख्यतः पत्र्याच्या कामाची. तिला आज बाजूला ठेवू. हत्यार घेणाऱ्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या तिहींपैकी आपल्या कामाला कोणती क्रिया मानवते एवढे ठरवावे. मोटरची ताकद, कंपनीचे नाव, दुकानदाराची सूट या गोष्टी त्यापुढच्या.

दात्याने कापावयाचे तर दाता कापावयाच्या वस्तूपेक्षा कठीण हवा, हे उघड आहे. अडचण अशी की कापताना उष्णता निर्माण होते, आणि साध्या पोलादाचा कठीणपणा उष्णतेने उतरतो. ही अडचण अमेरिकेतील बेथलेहेम स्टील कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी १८९८ ते १९०० च्या दरम्यान मोठ्या प्रमाणात दूर केली. टंगस्टन व क्रोमियम मिसळलेले पोलाद विशिष्ट रीतीने तापवून त्यांनी असे हत्यार केले, की ते टोकाशी लाल झाले तरी कापत राही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले. तेच आजचे हायस्पीड स्टील. पुढे १९२६-२७ च्या सुमारास जर्मनीतील क्रुप कारखान्याने टंगस्टन कार्बाइडची हत्यारे ‘विडिया’ या नावाने बाजारात आणली. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. आपल्याकडचे अनेक टर्नर आजही कार्बाइडच्या हत्याराला विडियाच म्हणतात. त्यामागे जर्मन शब्द आहे याचा त्यांना पत्ताही नसतो, आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

आता दात्यांच्या करवतीकडे वळू. या विषयात एकच नियम असा आहे की तो हातकरवतीला, यंत्रकरवतीला आणि पट्टाकरवतीला सारखाच लागू पडतो. कापावयाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते असले पाहिजेत. दोनच असले तर जाडी दोन दात्यांमधल्या खाचेत अडकते आणि पुढचा दाता तिच्यावर आपटून तुटतो. हातकरवतीची पाती इंचाला १४, १८, २४ आणि ३२ दात्यांची मिळतात. ६ मिलिमीटर जाडीच्या अँगलला १८ दात्यांचे पाते चांगले. १४ चेही चालते. पातळ पाइपला ३२ चे घ्यावे, आणि तरीही दीड मिलिमीटरच्या पत्र्यात त्याचे जेमतेम दोन दाते बसतात. म्हणून जाणता कारागीर पाते थोडे तिरपे धरतो, म्हणजे जाडी लांबते, आणि पाइप थोडा कापला की फिरवून घेतो. उलट ५० मिलिमीटरच्या भरीव सळईला बारीक दात्यांचे पाते लावले तर दात्यांमधल्या खाचा किसाने भरून जातात. पाते मग कापत नाही, नुसते घसरते. नवशिका जोर वाढवतो, पाते वाकते, काप तिरपा जातो. दोष जोराचा नसतो, दात्यांच्या गणतीचा असतो.

आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत कोपऱ्यात एक पॉवर हॅक्सॉ हटकून असे. अजूनही आहेत. हातकरवतीलाच मोटर जोडावी तसे हे यंत्र. पुढेमागे चालते, कापते मात्र एकाच दिशेने. परतीची खेप उचलून रिकामी आणते. म्हणजे त्याचा जवळजवळ अर्धा वेळ फुकट जातो. पण ते स्वस्त, दणकट, आणि एकदा सळई लावून दिली की माणूस दुसरे काम करावयास मोकळा. त्याची चेष्टा करणाऱ्यांनी हा शेवटचा मुद्दा विसरू नये.

त्याची जागा आता बँडसॉने म्हणजे पट्टाकरवतीने घेतली आहे. दोन चाकांवरून एक अखंड दातेरी पट्टा फिरतो, आणि सबंध चौकट आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरते; ती किती वेगाने उतरावी हे तेलाच्या सिलिंडरने ठरवता येते. परतीची खेप नाही, म्हणून वेळ वाया जात नाही. पट्ट्याची पाठ लवचिक स्प्रिंगच्या पोलादाची आणि दात्यांची कड हायस्पीड स्टीलची, असे दोन धातू एकत्र जोडून तो केलेला असतो. दात्याला कठीणपणा हवा आणि पाठीला चिवटपणा. एका धातूत दोन्ही गुण पुरेसे मिळत नाहीत, म्हणून ही सोयरीक. साध्या माइल्ड स्टीलसाठी हा पट्टा मिनिटाला ६० ते ८० मीटर वेगाने चालवतात. हा वेग किती, तर संध्याकाळी फिरावयास निघालेल्या माणसाच्या पावलांइतका. स्टेनलेस स्टीलला याच्याही निम्मा. वेग कमी म्हणून काम मंद, असे समजू नये. प्रत्येक दाता किसाचा एक लहानसा वेटोळा काढतो आणि उष्णता त्या किसाबरोबर बाहेर जाते. सळई हाताला कोमटच लागते.

किसाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. किसाचे वेटोळे सैल आणि चांदीसारखे पांढरे असतील तर सर्व ठीक. ते निळे पडले तर वेग किंवा दाब जास्त आहे. कीस न येता पूड येत असेल तर दाब कमी आहे. दाते कापण्याऐवजी घासत आहेत. साध्या लोखंडात यामुळे फक्त पात्याचे आयुष्य कमी होते. स्टेनलेसमध्ये परिणाम वाईट. हा धातू घासला की वरच्या थरात कठीण होतो, आणि त्या कठीण थरावर मग चांगले पातेही निकामी होते. स्टेनलेस कापताना भिऊन भिऊन दाब देणारा माणूस दिवसाला दोन पट्टे खराब करतो. नव्या पट्ट्याचे मात्र उलट आहे. त्याचे पहिले काही काप निम्म्या दाबाने घ्यावेत. दात्यांची टोके कारखान्यातून इतकी तीक्ष्ण येतात की एकदम पूर्ण दाब दिला तर ती तुटतात. हलक्या दाबाने ती किंचित बोथटतात आणि मग महिनोन्महिने टिकतात.

अँगल वाइसमध्ये कसा ठेवावा, हीही एक लहान पण कामाची गोष्ट आहे. पुष्कळजण त्याची एक बाजू सपाट ठेवतात. मग पात्याला आधी उभ्या बाजूची पातळ जाडी आणि खाली एकदम आडव्या बाजूची सबंध रुंदी सामोरी येते. त्याऐवजी अँगल घराच्या छपरासारखा, शिरा वर करून ठेवावा. पात्याला अथपासून इतिपर्यंत सारखेच काम पडते. सळयांची मोळी एकदम कापावयाची असेल तर मोळीतली एखादी सळई सैल राहून पात्याखाली फिरते आणि एका क्षणात दहावीस दाते मोडते. यावर आपल्या कारागिरांनी काढलेली युक्ती अशी की मोळीच्या एका टोकाला सळया वेल्डिंगच्या टाक्यांनी एकमेकींना चिकटवून टाकावयाच्या. एवढा तुकडा शेवटी वाया जातो, पट्टा वाचतो.

दात्यांच्या गोल करवतीही आहेत. हायस्पीड स्टीलची चकती मिनिटाला पन्नासच्या आसपास फेरे घेत, दुधी पाण्याच्या धारेखाली कापते. तिला कोल्ड सॉ म्हणतात. तिचा काप इतका स्वच्छ येतो की कानस लावावी लागत नाही. चकती पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येते. ज्याला कठड्यांचे पाइप रोज नेमक्या कोनांत कापावे लागतात त्याच्यासाठी ही उत्तम. मोठ्या चॅनेलसाठी नव्हे. दुसरा प्रकार कार्बाइडच्या दात्यांच्या चकतीचा. १४ इंची म्हणजे ३५५ मिलिमीटरची ही चकती मिनिटाला १,३०० ते १,५०० फेरे घेते आणि पाण्यावाचून कापते. येथे एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. दगडकणांच्या चकतीचे जे यंत्र आपण रस्त्याकडेला पाहतो, त्याच्या चकतीचे मापही १४ इंचच असते, पण त्याचे फेरे मिनिटाला ३,८०० च्या घरात असतात. ‘माप सारखे आहे, बसते आहे’ म्हणून कार्बाइडची चकती त्या यंत्रावर चढवली तर तिचे दाते निखळून बंदुकीच्या छऱ्यांसारखे सुटतात. चकतीवर छापलेले फेऱ्यांचे कमाल आकडे यंत्राच्या फेऱ्यांहून जास्त असलेच पाहिजेत.

आता दुसरी क्रिया, कणाने घासण्याची. अमेरिकेतील एडवर्ड अॅचेसन यांनी १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड हा कृत्रिम कण तयार केला आणि त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. हा अतिशय कठीण, पण तापलेल्या लोखंडाशी त्याचे पटत नाही. त्याच्या धारा त्यात लवकर झिजून जातात. म्हणून तो दगड, काँक्रीट व बिडासाठी, आणि पोलादासाठी अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कण. दुकानात दोन्ही चकत्या शेजारी शेजारी असतात. दगडाची चकती लोखंडावर चालवणाऱ्याची चकतीही जाते आणि वेळही जातो.

हे कण राळेत बसवून, मध्ये काचतंतूंची जाळी घालून चकती करतात. १४ इंची चकतीची कड ३,८०० फेऱ्यांना सेकंदाला ७० मीटर म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने धावते. पट्टाकरवतीचा वेग संध्याकाळच्या फेरफटक्याचा, आणि हिचा हा असा. एवढ्या वेगाने कण घासतात तेव्हा सुटलेला लोखंडाचा कण इतका तापलेला असतो की हवेतच पेट घेतो. आपण जिला ठिणगी म्हणतो ती म्हणजे जळणारे लोखंड. ती काचेवर पडली तर काचेत रुतते. फॅब्रिकेटर आपल्या दारात ग्रिल कापावयास बसला, तर मोटारगाडी आणि नव्या फरशा आधी झाकून घ्या. त्या दिवशी काही दिसणार नाही. पहिल्या पावसानंतर त्यांवर तांबूस ठिपके उमटतील, आणि ते पुसून जाणार नाहीत.

या यंत्राची बाजूही मांडली पाहिजे. ते स्वस्त आहे, उचलून साइटवर नेता येते, कठीण झालेले लोखंडही कापते, आणि त्याला शिकलेला माणूस लागत नाही. पण काप गरम होतो, कडेला धारदार कंगोरा राहतो, त्याला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. प्रत्येक टोकाची बर ग्राइंडरने किंवा कानशीने काढावी लागते. शिवाय चकती झिजत जाते तसा तिचा व्यास कमी होतो, फेरे तेवढेच राहतात, म्हणून कडेचा वेग घटतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात ती कापते कमी आणि तापवते जास्त. गडी मग दांडा दाबतो, चकती बाजूला वाकते आणि काप तिरपा निघतो. आरंभी सांगितलेली एका अंशाची चूक बहुधा येथे जन्माला येते.

याच जातीचे लहान भावंड म्हणजे हातातला ग्राइंडर. वेगवान अँगल ग्राइंडर जर्मनीत अॅकरमान आणि श्मिट यांच्या कारखान्याने १९५४ मध्ये काढला. त्या कारखान्याच्या ‘फ्लेक्स’ या नावावरून जर्मन कारागीर आजही ग्राइंडरला फ्लेक्स म्हणतो. इतके उपयोगी आणि इतके निष्ठुर हत्यार दुसरे नाही. उभ्या खांबाला, छताखाली, जिथे दुसरे कोणतेच यंत्र पोहोचत नाही तिथे तो पोहोचतो. एक मिलिमीटर जाडीची चकती लावली तर पातळ पाइपचा काप सुरेख येतो. म्हणून काय, आपल्या गावातल्या निम्म्या दुकानांत हे पाहुणे घरधनी होऊन बसले आहेत. सगळे कापणे ग्राइंडरवर! आणि त्याचा गार्ड, म्हणजे चकतीवरचे अर्धगोल झाकण, खिळ्याला टांगलेले.

गार्ड का काढतात? एक तर तो अडचण करतो, आणि दुसरे म्हणजे मोठी चकती बसवता यावी म्हणून. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्याच्या स्वतःच्या चकतीची कड त्या फेऱ्यांना सेकंदाला ५८ मीटर धावते, आणि तिच्यावर मर्यादा छापलेली असते ८० ची. म्हणजे पुरेसे अंतर आहे. आता भोकात वॉशर घालून त्यावर सात इंची चकती चढवली, की तिच्या कडेचा वेग १०० च्या पुढे जातो. चकतीला बाहेर ओढणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०४ झाले तर ताण सव्वापटीने नव्हे, सुमारे १.७ पटीने वाढला. अशी चकती फुटली तर तिचे तुकडे ज्या बाजूला जावयाचे त्या बाजूला गार्ड असतो. तो नसला तर माणूस असतो.

लाकूड कापण्याची दातेरी चकती ग्राइंडरवर लावण्याचा प्रकारही मी पाहतो. दाता गाठीत अडकला की ग्राइंडर हातातून उसळून मांडीवर किंवा मानेवर येतो, आणि पुष्कळ ग्राइंडरांचे बटन सरकवून अडकवावयाचे असल्यामुळे तो हातातून सुटल्यावरही चालूच राहतो. याविषयी अधिक न बोलणे बरे.

चकतीलाही वय असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेले असते. तयार झाल्यापासून साधारण तीन वर्षांची ती मुदत. राळ ओल पिते. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जमिनीवर ठेवलेल्या चकत्या एका बाजूने ओल धरतात आणि फिरताना थरथरतात. त्या फळीवर, कोरड्या जागी, आडव्या ठेवाव्यात. आणि कापण्याच्या पातळ चकतीने कधीही घासू नये. बाजूचा दाब तिला सोसत नाही.

डोळ्यांविषयी दोन शब्द. डोळ्यात कण गेला की शेजारचा गडी रुमालाच्या टोकाने किंवा काडेपेटीच्या काडीने तो काढतो. अशा हातांत कौशल्य असते हे खरे, पण लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंजाचे वर्तुळ उमटवतो, आणि काडीबरोबर आत गेलेले जंतू त्यावर जखम करतात. हे काम डोळ्यांच्या डॉक्टरांचे आहे, आणि ते त्याच दिवशी झाले पाहिजे. नेहमीचा चष्मा संरक्षण करीत नाही, कारण कण बाजूने येतात. बंद गॉगल आणि त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल, एवढे ग्राइंडरबरोबरच विकत घ्यावे. ढालीचे पैसे वाचवणाऱ्या मालकाने एका डोळ्याची किंमत कोणत्या वहीत लिहिली आहे, ते मला पाहावयाचे आहे.

तिसरी क्रिया उष्णतेची. गॅस कटरने लोखंड वितळवून कापतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. ज्योतीने लोखंड ९०० अंशांच्या आसपास लालभडक केले जाते, आणि मग त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड जळू लागते. जळून झालेला ऑक्साइड लोखंडाच्या आधी वितळतो आणि झोत त्याला उडवून लावतो. यातच या रीतीची मर्यादा आहे. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या ऑक्साइडला २,००० हून अधिक अंश लागतात. स्टेनलेसमधल्या क्रोमियमचा ऑक्साइडही तसाच हट्टी. म्हणून ते गॅसने कापले जात नाहीत. जाड साध्या पोलादाला मात्र गॅससारखे स्वस्त साधन नाही. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जुनी जहाजे मोडतात, ती मुख्यतः याच ज्योतीने.

प्लाझ्मा कटर १९५० नंतरच्या दशकातला. त्यात विजेच्या ठिणगीने हवेचा इतका तप्त झोत बनवतात की वीज वाहून नेणारा कोणताही धातू त्यापुढे वितळतो. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमही. पत्र्यातून नक्षी कापावयाची असेल तर याच्यासारखे हत्यार लहान दुकानात दुसरे नाही. त्याला दाबाची हवा लागते, आणि ती कोरडी हवी. पावसाळ्यात ओलसर हवेने त्याची टोके भराभर जळतात, हे विकणारा सांगत नाही. लेसर हा मोठ्या कारखान्यांचा विषय. लहान दुकानदाराने पत्रा त्यांच्याकडून कापून आणावा, यंत्र घेऊ नये. गॅस असो की प्लाझ्मा, जस्त चढवलेला पाइप कापताना वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून राहावे. जस्त ९०७ अंशांना उकळते, त्याचा धूर पांढरा आणि गोडसर असतो, आणि संध्याकाळी माणसाला थंडी वाजून ताप भरतो. मलेरिया समजून औषध घेणारे कारागीर आहेत.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो. समजा, एका तरुणाने बँकेचे कर्ज काढून दुकान टाकले आणि त्याला एका इमारतीच्या ४० खिडक्यांच्या ग्रिल मिळाल्या. प्रत्येक ग्रिलमध्ये १२ मिलिमीटरच्या दहा चौरस सळया आणि चार पट्ट्या. म्हणजे ५६० तुकडे झाले, आणि प्रत्येकाला दोन टोके. ग्राइंडरवर हे ५६० काप माणसाने एकेक करून उभे राहून घ्यावयाचे, आणि ११२० टोकांची बर काढावयाची. पट्टाकरवतीवर दहा सळयांची मोळी एका कापात निघते. मोळी लावून माणूस वेल्डिंगला जातो, काप संपला की यंत्र आपण होऊन थांबते.

यंत्र विकणारा मात्र दुसराच हिशेब मांडतो. तो म्हणतो, पट्टा दीड मिलिमीटर धातू खातो आणि चकती तीन, तेव्हा लोखंड वाचते. तेही तपासून पाहू. गोल सळईचे मीटरला वजन काढण्याची रीत आपल्या प्रत्येक लोखंड-व्यापाऱ्याला पाठ आहे: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ५० मिलिमीटरच्या सळईचे ते १५.४ किलो येते. १,००० काप घेतले तर चकती ४६ किलो खाते आणि पट्टा २३. वाचले २३ किलो. ते वाईट नाहीत, पण तेवढ्यासाठी कोणी कित्येक पट किमतीचे यंत्र घेऊ नये. यंत्राची किंमत फिटते ती माणसाच्या वाचलेल्या तासांतून, न काढाव्या लागलेल्या बरीतून आणि गुण्यात बसलेल्या सांध्यांतून. हे तिन्ही आकडे दुकानदाराच्या पत्रकात नसतात. ते ज्याचे त्याने आपल्या दुकानात महिनाभर वहीत टिपून काढावेत.

माझे मत विचाराल, तर ज्याचे काम मुख्यतः सळया, अँगल आणि पाइप सरळ कापण्याचे आहे, त्याने लहान पट्टाकरवत आधी घ्यावी आणि एक चांगला चार इंची ग्राइंडर, गार्डसह. कोपऱ्यांचे काम जास्त असेल तर कोल्ड सॉ. ज्याचे काम साइटवरच चालते त्याला चकतीच्या यंत्रावाचून गत्यंतर नाही. त्याने स्वस्तातली चकती घेऊ नये आणि ती निम्म्याहून अधिक झिजली की बदलावी. जाड प्लेटा असतील तर गॅस. स्टेनलेसचे काम घ्यावयाचे असेल तर त्याच्या चकत्या निराळ्या ठेवाव्यात आणि त्यांना साध्या लोखंडाला शिवू देऊ नये. नाहीतर चकतीत अडकलेले लोखंडाचे कण स्टेनलेसच्या कठड्यावर बसतात आणि गिऱ्हाईक महिन्याभरात ‘न गंजणारा’ कठडा गंजला म्हणून तक्रार घेऊन येते.

नवी पट्टाकरवत परवडत नसेल तर जुनी घ्यावी. औद्योगिक वसाहतींतून बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रे विकावयास येत असतात. ती पारखण्याची एक रीत सांगतो. ७५ किंवा १०० मिलिमीटरची भरीव सळई सोबत न्यावी. तिचे टोक त्या यंत्रावर कापावे आणि कापलेल्या तोंडाला गुण्या लावून पाहावे. मग तशीच वाइसमध्ये ठेवून पाच मिलिमीटर जाडीची एक चकती कापून घ्यावी आणि तिची जाडी वर्नियरने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजावी. दोन्ही परीक्षा लागतात. यंत्र प्रत्येक वेळी सारखेच तिरपे कापत असेल तर चकतीची जाडी सगळीकडे सारखीच भरेल आणि दोष फक्त गुण्याने दिसेल. असा दोष बहुधा वाइस किंवा गाइड सरळ करून जातो. जाडीच कमीजास्त भरली तर पाते चालता चालता भरकटते आहे. मग आधी पट्टा बदलून पाहावा, नंतर त्याचा ताण, आणि त्यानेही भागले नाही तर गाइडची बेअरिंगे उघडून पाहावीत. ती झिजलेली निघाली तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.